रिव्हॉल्व्हरची झीज आणि भारी काडतुसे

कल्याणहून कर्जतच्या बाजूस निघालेल्या लोहमार्गावर अंबरनाथ हे स्थानक लागते. तेथील प्राचीन शिवालयामुळे हे नाव सर्वपरिचित आहे; परंतु धातुशास्त्राच्या अभ्यासकास ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. येथील आयुध निर्माणीत तांबे, जस्त, ॲल्युमिनियम अशा अलोह धातूंचे काम चालते, आणि काडतुसांसाठी लागणारे पितळ हा त्या कामाचा एक भाग आहे. २०२१ मध्ये देशातील आयुध निर्माण्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ही निर्माणी 'यंत्र इंडिया लिमिटेड' या कंपनीकडे आली. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखाना आहे, ०.३२ मापाच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या बुडावर त्याची 'के. एफ.' ही अक्षरे उमटलेली आढळतात. काडतूस अशा प्रकारे महाराष्ट्रात तयार होते, तर ते ज्यात भरावयाचे ते रिव्हॉल्व्हर प्रायः कानपूरचे असते.

काडतूस व शस्त्र यांचा हा संबंध केवळ सोयीचा नाही. रिव्हॉल्व्हरचे आयुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर शस्त्राच्या वयात सापडत नाही. ते त्यातून उडविलेल्या काडतुसांच्या संख्येत व दाबात सापडते. चाळीस वर्षे पेटीत पडून राहिलेले शस्त्र जवळजवळ नवे असू शकते, आणि दोन वर्षे भारी काडतुसांवर वापरलेले शस्त्र निकामी झालेले असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ही झीज कोठे सुरू होते, कोणत्या क्रमाने वाढते, आणि ती वेळीच कशी ओळखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व तिच्यातील उणीव

रायफलीत काडतुसाचे घर व नळी एकाच पोलादी तुकड्यात असतात. रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी आहे. त्यात पाच किंवा सहा घरांचे एक चक्र असते आणि नळी त्याच्या पुढे वेगळी बसविलेली असते. चक्र फिरावयाचे तर ते आणि नळी यांच्यामध्ये फट ठेवणे अपरिहार्य होय. चांगल्या नव्या शस्त्रात ही फट सामान्यतः ०.१० ते ०.२० मिलिमीटर असते. चाप ओढला की 'पंजा' नावाचा एक लहान भाग चक्रास पुढील घरापर्यंत ढकलतो आणि खालून वर येणारा खटका चक्रावरील खाचेत अडकून त्यास तेथे स्थिर करतो. त्याच क्षणी घोडा काडतुसाच्या टोपीवर आदळतो. गोळी घरातून निघते, फट ओलांडते, नळीच्या आरंभी असलेल्या शंकूच्या आकाराच्या गळ्यात शिरते आणि मग पिळांवरून बाहेर पडते.

एका उडवणीत इतके सांधे एकमेकांशी जुळून यावे लागतात. घर व नळी एका रेषेत हवीत, चक्र पुढेमागे हलता कामा नये, खटका घट्ट बसला पाहिजे आणि सांगाडा ताणला जाता कामा नये. रिव्हॉल्व्हरची झीज म्हणजे वस्तुतः या जुळणीचा हळूहळू होणारा ऱ्हास होय. फटीतून वायू निसटतो या उणिवेवर उपायही योजले गेले. रशियात १८९५ मध्ये स्वीकारलेल्या नागां रिव्हॉल्व्हरमध्ये उडवणीपूर्वी संपूर्ण चक्रच पुढे सरकून फट बंद करते. परंतु ही रचना गुंतागुंतीची असल्याने तिचा सार्वत्रिक प्रसार झाला नाही. इतरत्र फट कायम राहिली आणि तिच्याबरोबर तिचे परिणामही राहिले.

दाबाचे गणित

'भारी काडतूस' म्हणजे काय, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. ०.३२ मापाच्या 'स्मिथ अँड वेसन लाँग' या काडतुसाचा प्रचार १८९६ पासून आहे. भारतात ते ७.६५ × २३ मिलिमीटर या नावानेही ओळखले जाते. त्याची प्रमाणित कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचास १५,००० पौंड आहे. '०.३८ स्पेशल' या काडतुसाची मर्यादा १७,००० पौंड, आणि १९३५ मध्ये निघालेल्या '०.३५७ मॅग्नम'ची ३५,००० पौंड आहे. शेवटच्या दोन काडतुसांचा व्यास एकच आहे. मॅग्नमची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केली आहे, ती मुख्यतः हे काडतूस जुन्या ०.३८ च्या घरात बसू नये या हेतूने. ०.३२ च्या कुळातही हाच इतिहास घडला. १९८४ मध्ये त्याची लांब पुंगळीची भारी आवृत्ती निघाली, आणि २००८ च्या सुमारास '०.३२७ फेडरल मॅग्नम' आले. त्याची मर्यादा ४५,००० पौंड, म्हणजे मूळ काडतुसाच्या तिप्पट आहे.

हा दाब दोन दिशांनी काम करतो. पहिली दिशा मागची. पुंगळीचे बूड मागच्या ढालीवर ढकलले जाते. क्षेत्रफळाने गुणून पाहिले असता ०.३२ च्या काडतुसाचा हा रेटा सुमारे ६०० किलोग्रॅम वजनाइतका, तर ०.३५७ चा सुमारे १,८०० किलोग्रॅमइतका भरतो. प्रत्यक्षात तो यापेक्षा काहीसा कमी असतो, कारण दाबाने फुगलेली पितळी पुंगळी घराच्या भिंतीस घट्ट धरून ठेवते व काही भार स्वतः पेलते. घरात तेल राहिले असल्यास ही पकड सुटते आणि रेटा पूर्णपणे ढालीवर येतो. उडविण्यापूर्वी घरे कोरडी पुसून घेण्याचा जुना नियम याच कारणाने योग्य ठरतो.

दुसरी दिशा बाहेरची. दाब घराच्या भिंतीस फाडू पाहतो. उदाहरणादाखल घराची आतील त्रिज्या ४.८ मिलिमीटर व भिंतीची जाडी २.४ मिलिमीटर धरली, तर जाड भिंतीच्या नळकांड्याच्या सूत्राप्रमाणे आतल्या पृष्ठभागावरील ताण दाबाच्या सुमारे २.६ पट येतो. ०.३८ स्पेशलसाठी तो दर चौरस इंचास सुमारे ४४,००० पौंड, तर मॅग्नमसाठी ९१,००० पौंड होतो. पहिला ताण साधे पोलादही सोसू शकेल. दुसरा सोसावयास उष्णोपचार केलेले मिश्रपोलादच हवे. शिवाय सहा घरांच्या अनेक चक्रांत खटक्याची खाच नेमकी घराच्या वरच कोरलेली असते, म्हणजे भिंत जेथे सर्वांत पातळ तेथेच ती आणखी पातळ केलेली असते. चक्र फुटते तेव्हा तडा पुष्कळदा याच खाचेपाशी सुरू झालेला आढळतो. पाच घरांच्या चक्रात खाच दोन घरांच्या मधल्या जाड भागात येते. त्या दृष्टीने ती रचना अधिक सुरक्षित होय.

झिजेची स्थाने

पहिले स्थान फटीभोवतीचे. जळत्या दारूच्या वायूचे तापमान पोलादाच्या वितळणबिंदूपेक्षा पुष्कळ अधिक असते. वायूचा संपर्क सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच टिकतो, म्हणून पोलाद वितळत नाही. पण फटीतून सुटणारी ज्वाला सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर, नळीच्या मागच्या तोंडासमोर, एक आडवी बारीक रेघ कोरते. ही रेघ पाहून वापरणारा घाबरतो. वास्तविक ती सर्वांत कमी धोक्याची खूण आहे. ठराविक खोलीपर्यंत गेल्यावर तिची वाढ पुष्कळ मंदावते, कारण पृष्ठभाग ज्वालेपासून दूर जातो.

दुसरे स्थान नळीचा गळा. गोळी येथे वेगाने शिरते, आणि तिच्या पाठोपाठ उष्ण वायू व न जळालेले दारूचे कण आदळतात. प्रत्येक उडवणीस पृष्ठभागाचा पातळ थर तापून प्रसरण पावतो व लगेच थंड होतो. पुनःपुन्हा असे घडल्याने त्यावर सुकलेल्या तळ्याच्या तळाप्रमाणे बारीक भेगांचे जाळे पसरते. भेगा खोल गेल्या की गळ्यास उभा तडा जातो. हा तडा पडला की नळी बदलण्याखेरीज उपाय नाही.

तिसरे स्थान चक्राचा आस व त्याचा आधार. पुंगळीचा रेटा चक्रास मागे खेचतो, मग धक्क्याने ते पुढे आदळते. आधाराचे पोलाद या ठोक्यांनी चेपले जाते आणि चक्रास पुढेमागे हालचालीची जागा मिळते. सुस्थितीतील शस्त्रात ही हालचाल ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी. येथे एक दुष्टचक्र सुरू होते. जागा जितकी अधिक, तितके चक्र अधिक वेगाने आदळते. ते जितक्या वेगाने आदळते, तितकी जागा वाढते. म्हणून ही झीज आरंभी मंद व पुढे झपाट्याने वाढणारी असते. पहिल्या हजार उडवण्यांत जे घडले नाही ते पुढील शंभरांत घडू शकते.

चौथे स्थान खटका व त्याच्या खाचा. जलद उडवणीत फिरते चक्र खटक्यावर आपटून थांबते. खाचेच्या कडा उमलतात, खटका सैल पडतो आणि घर नळीच्या रेषेत येण्यापूर्वीच घोडा पडू लागतो. मग गोळी गळ्याच्या कडेवर घासते व शिशाचे आणि तांब्याचे बारीक तुकडे फटीतून बाजूस उडतात. या दोषाची इजा शस्त्रधारकापेक्षा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यास अधिक होते. चांदमारीच्या रांगेत शेजाऱ्याच्या गालास वा हातास टोचणारा कण ही केवळ किरकोळ बाब समजू नये. तो त्या शस्त्राच्या बिघाडाचा स्पष्ट पुरावा होय.

इतिहासातील धडे

भारी दारू व रिव्हॉल्व्हर यांचा विरोध नवा नाही. अमेरिकेत १८४७ मध्ये कोल्टने तयार केलेल्या 'वॉकर' रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घरात ६० ग्रेनपर्यंत काळी दारू मावत असे. त्या काळी चक्राचे लोखंड आजच्या पोलादाच्या मानाने फारच दुबळे होते. पुष्कळ चक्रे फुटली. पुढच्याच वर्षी निघालेल्या 'ड्रॅगून' या सुधारित नमुन्यात चक्र आखूड करून दारूची जागा कमी करण्यात आली. शस्त्र बळकट करण्याचा एक मार्ग काडतुसाचे बळ घटविणे हाही असतो, हे येथे प्रथम दिसून आले.

दुसरा धडा विसाव्या शतकातील आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५५ मध्ये मध्यम आकाराच्या सांगाड्यावर ०.३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पुढे ते '१९ क्रमांकाचा नमुना' म्हणून प्रसिद्ध झाले. ते हलके असल्याने पोलिसांत लोकप्रिय झाले. त्या काळची रीत अशी की, सरावास सौम्य ०.३८ काडतुसे वापरावीत आणि भारी काडतुसे कामगिरीवर जाताना भरावीत. या रीतीने ते शस्त्र वर्षानुवर्षे टिकले. पुढे जे काडतूस कामास तेच सरावास असावे, असे धोरण अनेक पोलीस खात्यांनी स्वीकारले. माणसाच्या शिक्षणाच्या दृष्टीने ते रास्त होते. परंतु त्यामुळे शस्त्रावरील भार एकदम वाढला. त्यातच सुमारे ८ ग्रॅम वजनाच्या हलक्या, अतिवेगवान गोळ्यांचा प्रसार झाला. अशा गोळीमागे दारू अधिक असते, म्हणून गळ्यावर उष्ण वायूचा माराही अधिक होतो. या नमुन्यात चक्राच्या आधारास जागा देण्यासाठी गळ्याची खालची बाजू किंचित छिलून सपाट केलेली होती. तडे नेमके तेथेच पडू लागले. उपाय म्हणून कंपनीने १९८० च्या सुमारास थोडा मोठा नवा सांगाडा काढला व त्यात गळ्यास पूर्ण जाडी दिली.

तिसरे उदाहरण ०.४४ मॅग्नमचे. १९५५ मध्येच आलेल्या या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर शिकारीसाठी बनविलेले होते; शिकारी वर्षातून मोजक्याच गोळ्या झाडतो. पुढे लांब अंतरावरील धातूची लक्ष्ये पाडण्याच्या स्पर्धा लोकप्रिय झाल्या आणि खेळाडू जड गोळ्यांची काडतुसे शेकड्यांनी उडवू लागले. तेव्हा धक्क्याने खटका सुटून चक्र उलट फिरण्याचा दोष दिसू लागला, व १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खाचांची रचना सुधारावी लागली. या दोन्ही उदाहरणांत शस्त्र सदोष होते असे म्हणता येणार नाही. ज्या वापरासाठी ते योजले होते तो वापर बदलला, एवढेच घडले.

भारतीय परिस्थितीस अधिक जवळचे उदाहरण वेब्ली जातीच्या रिव्हॉल्व्हरचे होय. ब्रिटिश अमदानीत सैन्यात व पोलिसांत रूढ झालेल्या या शस्त्राचा सांगाडा मध्ये बिजागरी देऊन दोन भागांत केलेला असतो. वरची कडी दाबली की नळी खाली झुकते व पुंगळ्या एकदम बाहेर येतात. भरण्यास ही रचना सोयीची. परंतु मागचा सगळा रेटा अखेर त्या कडीवर व बिजागरीवर येतो. मूळ ०.४५५ चे काडतूस सौम्य दाबाचे असल्याने हे सांधे टिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या असंख्य वेब्ली रिव्हॉल्व्हरांची चक्रे मागून तासून त्यांत ०.४५ चे पिस्तुली काडतूस बसविण्यात आले. त्याचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच अधिक असल्याने बिजागऱ्या सैल पडल्या व काही चक्रे फुटली. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे ०.३२ चे सहा घरांचे रिव्हॉल्व्हर याच वेब्ली परंपरेतील आहे. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे आणि ते १५,००० पौंडांच्या काडतुसासाठीच योजलेले आहे. ते काडतूस दुबळे असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. तथापि त्या सौम्यतेमुळेच हा सांगाडा दीर्घकाळ टिकतो, हे तक्रार करणाराने ध्यानी घ्यावे.

कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. त्याचेही काडतूस ०.३२ चेच आहे. वजन ७०० वरून ५०० ग्रॅमवर आले म्हणजे त्याच काडतुसाने शस्त्र हाताकडे ४० टक्के अधिक वेगाने येते. हलक्या शस्त्रात या झटक्याने न उडालेल्या काडतुसांतील गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू शकतात; एखादी गोळी चक्राच्या तोंडाबाहेर आली तर चक्र फिरेनासे होते. हलक्या शस्त्रास भारी काडतूस का मानवत नाही, याचे हेही एक कारण आहे.

कोकणची हवा व पितळ

झिजेचा विचार करताना हवेचा विचार वगळता येत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट असते आणि तीत क्षारांचा अंश असतो. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट वापरीत. ते जळल्यावर उरणारे पोटॅशियम क्लोराइड मिठाप्रमाणे पाणी शोषून घेते आणि नळीत एका रात्रीत गंज धरू शकतो. हे क्षार केवळ तेलाने निघत नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. म्हणून अशी काडतुसे उडविल्यावर नळी व घरे प्रथम गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेल लावणे हाच शास्त्रशुद्ध क्रम होय. गंजाने घरात पडलेल्या खळग्यांत पितळ रुतते व पुंगळ्या निघेनाशा होतात. शिवाय प्रत्येक खळगा हा भावी तड्याचा आरंभबिंदू असतो.

पितळासही पावसाळा बाधतो. काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. या पितळाच्या वाटीसारख्या तुकड्यापासून टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी तयार करतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर ती तापवून मऊ करतात. ओढताना धातूत राहिलेला ताण नीट काढला गेला नाही तर पुंगळी पुढे आपोआप तडकते. ब्रिटिश अमदानीत भारतातच हा अनुभव आला. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठविलेल्या काडतुसांना तडे गेलेले आढळत. जनावरांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा व पितळातील शिल्लक ताण यांचा तो संयुक्त परिणाम असल्याचे १९२१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. मंद आचेवर पुंगळी तापवून ताण घालविणे हा त्यावरील उपाय ठरला. तडकलेली पुंगळी वायूस अडवू शकत नाही. तो मागे निसटतो आणि शस्त्र धरणाराच्या डोळ्यांपर्यंत पोहोचू शकतो.

अकस्मात भंग

येथवर वर्णिलेली झीज हळूहळू होणारी आहे. एका उडवणीत शस्त्र फुटण्याची कारणे बहुधा निराळी असतात. दारू अपुरी पडल्याने एखादी गोळी नळीतच अडकते. आवाज क्षीण येतो. धारक तिकडे दुर्लक्ष करून पुन्हा चाप ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते. दुसरे कारण घरगुती पद्धतीने पुन्हा भरलेली काडतुसे. जलद जळणाऱ्या दारूचे माप इतके लहान असते की, एकाच पुंगळीत ते चुकून दोनदा पडले तरी पुंगळी ओसंडत नाही व चूक नजरेस येत नाही. अशा वेळी प्रायः वरचे घर व त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती उडून जातात आणि सांगाड्याची वरची पट्टी कमानीसारखी वाकते. भारतात काडतुसे तयार करणे व शस्त्रांची दुरुस्ती करणे या दोहोंसही १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. या तरतुदीस कायदेशीर अर्थाइतकाच यांत्रिक अर्थही आहे.

झीज व अकस्मात भंग यांचा संबंधही ध्यानात ठेवला पाहिजे. नव्या शस्त्रास एखादे अतिदाबाचे काडतूस सोसते, कारण कारखान्यात त्याची परीक्षा नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या काडतुसाने झालेली असते. परंतु ही परीक्षा नव्या धातूची असते. ज्या खाचेपाशी सूक्ष्म तडा आधीच गेला आहे तिला ती हमी लागू पडत नाही.

तपासणीची रीत

समाधानाची गोष्ट ही की, यांतील बहुतेक दोष साध्या साधनांनी ओळखता येतात. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेतल्यावर चक्र मागे दाबून धरावे व नळी आणि चक्र यांमधील फट फिलर गेजच्या पट्ट्यांनी मोजावी. मग चक्र पुढे दाबून पुन्हा मोजावी. समजा, पहिले माप ०.२५ व दुसरे ०.१५ मिलिमीटर आले, तर चक्राची पुढेमागे हालचाल ०.१० मिलिमीटर आहे, म्हणजे ती मर्यादेच्या दुप्पट झाली आहे. फट ०.३० मिलिमीटरच्या आसपास पोहोचली की शस्त्र दुरुस्तीस पाठवावे. प्रत्येक घरासाठी ही मापे स्वतंत्रपणे घ्यावीत, कारण चक्र सर्वत्र सारखे झिजत नाही.

नंतर चक्रास बोटाने किंचित अडवीत घोडा सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे येण्यापूर्वी खटका खाचेत बसला पाहिजे. एखाद्या घराशी तो बसत नसल्यास त्या शस्त्राने एकही गोळी उडवू नये. गळा व खाचा भिंगातून पाहाव्यात. कारखान्यात रंगद्रवाची कसोटी घेता येते. पातळ रंग भेगेत शिरतो व पृष्ठभाग पुसल्यावर ती भेग रेघेच्या रूपाने उमटते. नळीतून उजेडाकडे पाहिले असता काळे कडे दिसले तर तेथे नळी फुगलेली आहे.

तथापि सर्वांत स्वस्त व सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे रिकामी पुंगळी. टोपीवरील ठोक्याची खूण मध्यापासून सरकलेली असेल तर घर नळीच्या रेषेत येत नाही. टोपी नेहमीपेक्षा अधिक चपटी झाली असेल तर दाब वाढला आहे. सहांपैकी एकाच घरातील पुंगळी दर वेळी अडकत असेल तर ते घर फुगले आहे किंवा गंजले आहे. चांदमारीनंतर पुंगळ्या मोजून जमा करून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती हिशोबासाठी आहे. त्या पोत्यात टाकण्यापूर्वी घराच्या क्रमाने ओळीत मांडून पाहण्याची सवय लागली, तर त्याच हिशोबातून शस्त्राची तपासणीही होईल.

उपसंहार

रिव्हॉल्व्हर बहुधा एकाच हातात आयुष्य काढीत नाही. पोलीस ठाण्यात ते एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते; घरात ते वडिलांकडून मुलाकडे नव्या परवान्यावर येते. शस्त्राबरोबर त्याचा क्रमांक येतो, कागद येतात. पण पूर्वीच्या हाताने त्यातून किती व कोणती काडतुसे उडविली हे कोणतेही कागद सांगत नाहीत. नवा धारक ते चकाकणाऱ्या पृष्ठभागावरून पारखतो, आणि झीज तर आतल्या खाचेत, गळ्यात व आसावर असते. ज्या दिवशी शस्त्राची खरी गरज पडते त्याच दिवशी ते अडते किंवा फुटते. वस्तुतः त्याचा आरंभ फार पूर्वी झालेला असतो.

यावरील उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक शस्त्रासोबत एक लहान नोंदवही असावी. तीत उडविलेल्या काडतुसांची संख्या व जात, वर्षातून एकदा घेतलेली फटीची व हालचालीची मापे आणि झालेली दुरुस्ती एवढेच टिपावे. मोटारगाडीच्या मालकास अंतरमापकाचा आकडा जसा ठाऊक असतो, तसा रिव्हॉल्व्हरच्या धारकास हा आकडा ठाऊक असला पाहिजे. ज्या दाबासाठी शस्त्र घडविले त्याच दाबाचे काडतूस वापरावे आणि मापे नियमाने घ्यावीत. ही दोन पथ्ये पाळली तर शस्त्र दोन पिढ्या टिकू शकते. ती न पाळली तर ते त्यापूर्वीच फुटेल, आणि त्याची इजा बहुधा ते धरणारालाच होईल.